बांगड्याची चिमूट

मुलांनो, घटकाभर बेडूक होऊन बघा. जे हलतं तेवढंच तुम्हाला दिसतं. नाकासमोर किडा निपचित पडलेला असला, तरी तुमच्या लेखी तो नाहीच. पोटात कितीही भूक असो, समोर काही हललं नाही, तर तुम्ही उपाशी.

जपानमधल्या हाचिनोहे बंदरामागच्या चढावर, एका घरात, असा एक हिरवा बेडूक होता. तो कोहारु नावाच्या मुलीच्या बाबांचा. बाबा समुद्रात माकूळ पकडणाऱ्या बोटीवर असत. घरी आले की जेवताना ते बांगड्याची एक चिमूट जेवायच्या काड्यांच्या टोकात धरत आणि काचेच्या पेटीत बेडकापुढे हलकेच थरथरवत. त्याच्यासाठी मासा बिनमिठाचा शिजवावा लागे.

"मी नवऱ्याचा नाही, बेडकाचा स्वयंपाक करते," आई म्हणायची.

या खेपेला निघताना बाबा कोहारुला म्हणाले होते, "मी येईपर्यंत याला सांभाळ. उपाशी ठेवू नकोस."

बोटीचा पत्ता लागेना, त्याला एकोणीस दिवस झाले. तेव्हापासून बेडकानंही खाणं सोडलं. कोहारुनं रातकिडे आणले, चिमट्यात धरून हलवले. बाबांच्याच काड्यांनी मासा थरथरवला. बेडूक तोंड फिरवून बसे. त्याच्या पाठीचं हाड आता वर आलं होतं.

शेजारचे एंदो काका पेटीत डोकावले. "बापानं लाडावून ठेवलाय. आयतं लागतं, तेही त्याच्याच हातचं."

"काका, हा मेला तर बाबांना काय सांगू?"

काकांनी टोपी काढून हातात धरली. मग आईकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, शोध थांबवलाय त्यांनी. ते ताट वाढणं आता..."

"झाकणाला पाणी सुटतंय, भावजी," आई म्हणाली. "कालही सुटलं होतं."

परगावी गेलेल्या माणसाचं ताट घरी रोज वाढायचं, ही त्यांच्याकडची रीत. गरम भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळानं उचलायचं. आतून थेंब जमले असले, तर माणूस सुखरूप. गरम भातावर थेंब जमणारच, हे आठ वर्षांच्या कोहारुला कळत होतं. पण तिनं ते आईला कधी बोलून दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी अजून उजेड होता. आईनं बाबांच्या आसनापुढे भात, बांगडा आणि चहा असं ताट मांडलं, भातावर झाकण ठेवलं आणि सार गरम करायला आत गेली. कोहारु पेटीशी चिमटा घेऊन बसली.

बेडकानं पाठ फिरवली. त्याचं तोंड बाबांच्या आसनाकडे झालं. मान उंचावली. त्याचे डोळे जरा डावीकडे गेले, जरा उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"तिकडे काही नाहीये रे."

त्याची जीभ सटकन बाहेर आली. डोळे आत ओढून त्यानं काहीतरी गिळलं.

थोड्या वेळानं पुन्हा गिळलं.

कोहारुला इतका आनंद झाला की ती आईला हाक मारणार होती. पण तिची नजर ताटाकडे गेली.

काड्या जागच्या जागी होत्या. बांगड्याच्या कडेची एक चिमूट नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत शेजारची दुसरी गेली.

तिनं भातावरचं झाकण उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली.

झाकण आतून कोरडं होतं. आत्ता फडताळातून काढल्यासारखं.

"खाल्लं का गं त्यानं काही?" आतून आईनं विचारलं.

"नाही," कोहारु म्हणाली.

आईची पावलं जवळ येत होती. बेडकाची मान सावकाश वळली. आसनावरून त्याची नजर कोहारुच्या खांद्यामागे आली आणि तिथं थांबली.

कोहारुनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं बाबांच्या चहात बोट बुडवलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक थेंब ठेवला. मग दुसरा.