निनादच्या कॅरमखोलीचं सीलिंग

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ज्या सीलिंगखाली बसून आपण आत्ता वडे खातोय ना, ते एका चुकीच्या दारामुळे झालं. गर्शोमकाका सांगतोय म्हटल्यावर लगेच हसू नका! सीलिंग करणारी लियोरा माझी पुतणी, आणि घर या निनादचं. दोघं समोरच बसलेत, विचारा हवं तर.

करंजाड्यातल्या इमारती सगळ्या एकसारख्या. लियोरा दिवसभर साइटवर फिरून दमलेली, शेजारच्याऐवजी या इमारतीत शिरली. निनाद द्रोणागिरीच्या गोदामातली पाळी संपवून नुकताच टेकलेला. त्यानं दार उघडलं, तर ही सरळ आत!

"गेमरूम हीच ना? जरा टेपचं टोक धरा."

'चुकलात' म्हणायचंही त्राण नव्हतं त्याच्यात. त्यानं टोक धरलं. माप घेऊन होईपर्यंत… त्याला खरंच गेमरूम हवीशी झाली.

"पण माझ्याकडे नुसता कॅरम आहे."

"चालेल की. पण वर दिवा टांगायचा नाही हं. एलईडीची पट्टी सीलिंगच्या कडेत लपवू. उजेड आधी वर जाईल, छताला लागून मग हळूच खाली उतरेल."

"एवढा फिरून? दमेल बिचारा."

"तुमच्याइतका नाही," ती हसली — जांभई देत देतच.

मग काय, सीलिंग संपेचना! कधी उजेड फार पिवळा, कधी फार पांढरा.

"स्ट्रायकरची सावली पडते," हा म्हणायचा.

"कुठाय सावली?"

"तुम्ही समोर बसा, मग दिसेल."

ती बसायची. दोघं दमलेली… भिंतीला पाठ टेकून, हातात चहा घेऊन छताकडे बघत राहायची. बोलणं बेताचंच. अहोजाहो तेवढं कधीतरी गळून पडलं.

अशात लियोराच्या भावानं तिला कायमचं इस्रायलला बोलावलं. काल तिचा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून घरी प्रार्थना म्हणून मलिदाही केला आम्ही. उद्या ती निघणार. याला तिनं सांगितलं, तर हा म्हणाला, "छान." बस्स, एवढंच!

परवा ती शेवटची पट्टी बसवायला आली. उजेड इतका मऊ पडला, की भिंतीवरची पाल पेंगून खाली पडली. हाही बसल्या जागी गाढ झोपला. तेव्हा पोरीनं — मला तिनंच सांगितलं — त्या झोपलेल्याला हळूच म्हटलं, "एकदा 'नको जाऊस' म्हण ना रे… नाही जाणार मी."

"काका!" लियोरा लालबुंद.

"अगं, त्यानं थोडंच ऐकलंय? हा पठ्ठ्या असा घोरत होता, असा घोरत होता, की तिकडे जासईत कंटेनर हलायला लागले—"

"साफ खोटं, काका!" निनाद ताडकन उठला. "मी झोपलोच नव्हतो… लियोरा, नको जाऊस."