तीन पट्ट्यांचा नंबर

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा तो तिच्या पायाशी सपशेल आडवा पडला होता. त्यात प्रेमाचा काही भाग नव्हता. चिखल होता, आणि पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला गेला होता.

तिनं फक्त लाल झेंडी वर केली होती. माउंटन बाइकच्या शर्यतीत फेरीच्या शेवटी, लाकडी पुलाच्या अलीकडे तिची जागा असायची. जे फार मागे पडलेत त्यांना थांबवायचं, एवढंच काम. नियम असा की पहिल्या फेरीला आघाडीच्या स्पर्धकाला जेवढा वेळ लागला, त्या वेळेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त जो त्याच्या मागे राहील तो बाद. फेरी साडेबारा मिनिटांची, तर मुभा दहा मिनिटांची. त्यावर एक सेकंद झाला की झेंडी. मग खिशातली छोटी कात्री काढायची, हँडलवरचा नंबर ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेला असतो त्या कापायच्या आणि नंबर काढून घ्यायचा. म्हणून स्पर्धक तिला ‘कात्री’ म्हणायचे. पाठीमागे. तोंडावर मॅडम.

“लागलं का?” तिनं विचारलं.

“कुठं कुठं ते सांगू, की सरसकट हो म्हणू?” तो चिखलातूनच म्हणाला.

“उठा. नंबर काढायचाय.”

“आधी हात द्यायची पद्धत नाही का तुमच्यात?”

“नियमात नाही.”

तरी तिनं हात दिला. बारीक पाऊस पडत होता. ती हँडलवर वाकली आणि कट्, कट्, कट्—तीन पट्ट्या कापून मोकळी झाली. तेवढ्यात त्याच्या हेल्मेटवरून एक थेंब तिच्या मनगटावर पडला, आणि तिला उगीचच वाटलं की हा आपल्याकडे बघतोय. तिनं मान वर केली. बघतच होता.

आठवडाभर ती वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत नोकरी करायची. दुकानदारांच्या तराजूंवर पितळी वजनं ठेवून काटा नीट येतो का ते पाहायचं, नाही आला तर तराजू जप्त. पंचवीस ग्रॅमसाठी तिनं ओळखीच्या माणसालाही सोडलं नव्हतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही, असा एकूण स्वभाव. शर्यतीतलं काम ती रविवारी हौसेनं करायची, कारण तिथंही मोजायला मिळायचं. इतक्या हिशेबी बाईच्या वाट्याला हा माणूस आला.

दुसऱ्या शर्यतीत तिनं त्याला चौथ्या फेरीत थांबवलं. नंबर पाच पट्ट्यांनी बांधलेला होता.

“मागच्या वेळी तीन होत्या,” ती म्हणाली.

“लक्षात आहे?”

“मोजणं हे माझं कामच आहे. हालू नका.”

तिसऱ्या शर्यतीत नऊ पट्ट्या निघाल्या. त्यांची टोकं चहूबाजूंनी अशी उभी होती की हँडलवर साळिंदर बसलंय असं वाटावं. तिला हसू आलं, आणि ते दाबताना कात्री घसरली.

“हा काय प्रकार आहे?”

“नंबर हलतो हो उतारावर.”

“नऊ पट्ट्यांनी तर दारसुद्धा बसवता येईल.”

“मला काय… मेकॅनिक लावतो. मी नुसता ‘अजून एक’ म्हणतो.”

नऊ पट्ट्या म्हणजे चांगलं अर्धं मिनिट. तेवढ्या वेळात बरंच बोलता येतं. तो एकोणतीस वर्षांचा होता, हे त्या अर्ध्या मिनिटात कळलं. त्याच्या छोट्याशा संघाच्या व्यवस्थापकानं त्याला स्वच्छ सांगितलं होतं—या मोसमात एक तरी शर्यत पुरी करून दाखव, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं काम शोध. शर्यती सहा. तीन गेल्या होत्या.

“आणि तुम्हाला पट्ट्या सुचतायत?” ती म्हणाली.

“दुसरं काय सुचणार? इथं आलो की डोकं चालत नाही.”

चौथ्या शर्यतीत तो पाचव्या फेरीपर्यंत टिकला. पट्ट्या बारा.

घरी तिच्या ताईनं बुटांचा चिखल वर्तमानपत्रावर खरवडता खरवडता विचारलं, “कोण आहे गं तो?”

“कोण तो?”

“रविवार आला की दोन दिवस आधीपासून कात्रीला धार लावत बसतेस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?”

“शेवटून पहिला येतो तो,” ती म्हणाली, आणि खोलीत निघून गेली. ताई बराच वेळ एकटीच हसत होती.

पाचवी शर्यत मात्र वेगळी झाली. त्या दिवशी तो खरोखर चांगला चालवत होता. फेऱ्या सहा, आणि शेवटच्या फेरीत कुणाला थांबवत नाहीत. पाचव्या फेरीअखेर तिच्यासमोरून वेळेत गेला की त्याचं गंगेत घोडं न्हालंच म्हणायचं. दहा मिनिटांची मुभा, आणि तो खालच्या वळणावर दिसला तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. तिथून पुलापर्यंत पंधरा सेकंद लागतात, हे ती वर्षभर मोजत आली होती. म्हणजे पाच सेकंद शिल्लक. तिनं झेंडी पाठीमागे धरली. त्यानं वर पाहिलं, त्याला ती दिसली—आणि त्यानं ब्रेकवर बोटं ठेवली.

हलकेच. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण दुकानदाराची करंगळी तराजूला कधी टेकते, हे ओळखण्याचाच तिला पगार मिळत होता. तो समोर आला तेव्हा घड्याळात दहा मिनिटं दोन सेकंद होते. तिनं झेंडी वर केली. दुसरा इलाज नव्हता.

बारा पट्ट्या तिनं एक शब्द न बोलता कापल्या. एवढ्या झटपट की तो गोंधळला.

“काही चुकलं का?”

“तुम्ही ब्रेक लावलात.”

त्यानं हेल्मेटचा पट्टा सोडवला. मग म्हणाला, “पुढं गेलो असतो तर तुम्ही भेटला नसतात.”

“मग मी काय तुमच्या हरण्याचं बक्षीस आहे का?” तिचा आवाज चढला. “मी इथं एकेक सेकंद प्रामाणिकपणे मोजते. तुम्हाला पाच सेकंद मिळाले होते. तुमचे होते ते. ते तुम्ही माझ्या अंगावर फेकलेत. उद्या करार गेला की तुम्ही आयुष्यभर म्हणणार, तिच्यासाठी गेला. मला नकोय असलं काही.”

“ऐका तरी…”

“पुढच्या वेळी माझ्याकडे बघूसुद्धा नका.”

तिला राग आला होता हे खरंच. पण घरी जाताना बसमध्ये तिला कळलं की रागाखाली भीती होती. त्यानं बघितलं नाही तर, याची. आपण त्याच्या प्रेमात आहोत हे तिला तिथंच, खिडकीशी बसल्या बसल्या स्पष्ट कळलं, आणि काही करता येण्यासारखं नसल्यामुळे तिनं डोळे मिटून घेतले.

सहावी शर्यत. आकाश कोरडं, वाटेवर धूळ. पहिल्या फेरीत तो तिच्यासमोरून गेला तेव्हा तिची नजर आधी हँडलवर गेली. तीन पट्ट्या. फक्त तीन, टोकंसुद्धा छाटलेली. त्याला थांबायचं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

दुसरी, तिसरी, चौथी फेरी. तो मान खाली घालून जात राहिला. प्रत्येक फेरीला अंतर वाढत होतं, पण बेतानं. पाचव्या फेरीअखेर आघाडीचा स्पर्धक पूल ओलांडून गेला आणि तिनं घड्याळाचं बटण दाबलं. मुभा आजही दहा मिनिटांची.

नऊ मिनिटं झाली. साडेनऊ झाली. वळण रिकामंच. नऊ बेचाळीसला तो दिसला. पंधरा सेकंद धरले तर नऊ सत्तावन्न. पण मध्ये मुळांचा पट्टा होता, चाक जरा अडकलं की संपलं. तिच्या मनात आलं, दोन सेकंद वर झाले तर कोण बघणार आहे? पुलाशी ती एकटी होती. झेंडी तिच्या हातात होती. आणि लगेच तिला हेही कळलं की वेळ चुकली तर झेंडी वर जाणारच. दान म्हणून दिलेले सेकंद त्याला कधी पचले नसते, तिलाही नाही. म्हणून ती नुसती म्हणत राहिली, पळव रे… पळव… ब्रेकला हात लावू नकोस.

त्यानं लावला नाही. मुळांवरून सायकल आदळत आपटत आली, पुलाच्या फळ्या खडखडल्या आणि तो गेला. नऊ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किती आनंदाचं आणि किती त्याच्या न बघण्याचं, हे तिलाही मोजता आलं नाही.

तो शेवटचा आला. पण आला. लाउडस्पीकरवर त्याचा क्रमांक ऐकून लोकांनी, शेवटच्याला वाजवतात तशा, दयाळूपणे टाळ्या वाजवल्या. ती दोऱ्या गुंडाळत होती. अर्ध्या तासानं पुलाच्या पलीकडून कुणीतरी सायकल हातात धरून चालत येताना दिसलं.

“कोर्सवर उलट्या दिशेनं यायला बंदी आहे,” ती म्हणाली.

“शर्यत संपलीय. आता रस्ता सगळ्यांचा.” तो समोर थांबला. चेहऱ्यावर धूळ, धुळीत घामाच्या रेघा. “कात्री आहे?”

“पुरी करणाऱ्यांचा नंबर मी काढत नाही. तो त्यांनी घरी न्यायचा.”

“न्यायचाच आहे. पण निघत नाहीये.”

तिनं हँडलकडे पाहिलं. नंबर दिसतच नव्हता. पट्ट्यांवर पट्ट्या, उभ्या, आडव्या, एकमेकींत अडकलेल्या.

“शर्यतीत तर तीनच होत्या.”

“या आत्ता लावल्या. मेकॅनिककडचं अख्खं पाकीट संपवलं. त्याला वाटलं मी डोक्यावर पडलोय.”

“तुम्ही बघितलं नाहीत,” ती एकदम म्हणाली. “पुलावरून जाताना.”

“बघितलं असतं तर थांबलो असतो. आणि मला तुम्ही आवडता, हे हरून सांगायचं नव्हतं.”

गळ्यातलं घड्याळ काढून तिनं खिशात टाकलं, कात्री बाहेर काढली आणि हँडलवर वाकली.

“किती आहेत?”

“मोजल्या नाहीत. घाई आहे का?”

“नाही,” ती म्हणाली. “हालू नकोस.”

तिनं एक पट्टी कापली. मग दुसरी कुठली घ्यावी, याचा ती बराच वेळ विचार करत राहिली.