सुखाने झोपा

थोरल्या काकांनी हाक मारली तेव्हा ती स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती.

"सूनबाई, काम राहू दे. तूही येऊन बस."

लग्नाला एक्केचाळीस दिवस झाले होते आणि या घरात तिला 'तूही' म्हणून कुणी बसवत होतं ते आज पहिल्यांदाच. एरवी 'जरा बघ गं' आणि 'जरा आण गं' या दोन वाक्यांवर तिचा संसार छान चालला होता. हात पुसत ती बाहेर आली आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकली.

रात्रीचे सव्वादोन. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार उलटून रविवार लागलेला. सासू-सासरे परगावी गेलेले, म्हणून घरात जाग्रणाला मोकळीक होती. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्याच्याभोवती तिचा नवरा, त्याचे दोन धाकटे भाऊ आणि समोरच्या गॅरेजचा मेकॅनिक असे चौघे डोकी जुळवून बसले होते. मोटरसायकलींची रॅली सुरू होती. चाळीस तासांत अडीच हजार किलोमीटर. मधे झोपायचं असेल तर आपल्या जबाबदारीवर. प्रत्येक गाडीवर एक यंत्र बसवलेलं, त्यामुळे घरबसल्या नकाशावर गाड्यांचे ठिपके सरकताना दिसत. नवरा काल सकाळपासून हे ठिपके बघत होता. 'माझ्याकडे कधी इतका वेळ बघितलंस का?' हा प्रश्न तिने योग्य वेळेसाठी राखून ठेवला होता.

"एक नंबर तीन दहाला खाणीच्या वळणावर येणार," नवरा जॅकेटची चेन ओढत म्हणाला. "चॅम्पियनची शेवटची रॅली आहे. वळणावर गाडी हळू करावीच लागते, तिथे फोटो मिळतो. अडीचला निघू."

"बस खाली," काका म्हणाले.

"काका, परत येऊन बसतो की."

"बस म्हटलं ना. एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकून जावंसं वाटलं तर जा."

काका असे कधी बोलत नसत. खालच्या मजल्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, ते बंद करूनही आठ वर्षं झाली. लग्न केलं नाही. दिवसभर पेपर वाचायचे, संध्याकाळी फिरून यायचे. काका पहाटे फार लवकर उठतात, असं घरात सगळे कौतुकाने सांगत. लवकर उठायला आधी झोपावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं. नव्या घरात तिलाही झोप येत नसे. पाणी प्यायला उठली की काकांच्या दाराखाली उजेडाची फट दिसे. एकला, तीनला, साडेचारला. आत खुर्ची करकरे. एक्केचाळीस रात्री तिने हे पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. नव्या सुनेने आल्या आल्या घरातल्या फटी मोजू नयेत, एवढं तिला कळत होतं.

"माझ्या ओळखीचा एकजण होता," काकांनी सुरुवात केली. "आमच्याच धंद्यातला. चष्मेवाला. आणि तुमच्यासारखाच या रॅलीचा वेडा."

"म्हणजे शहाणा," मेकॅनिक म्हणाला. दोघे दीर हसले.

"तेव्हा ठिपके नव्हते. रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागायचं. त्याचा देव म्हणजे हाच तुमचा चॅम्पियन. पांढरं हेल्मेट, पांढरे हातमोजे. चॅम्पियनला नंबरचा चष्मा होता. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास व्हायचा, म्हणून त्याने याला पिवळ्या काचांचा चष्मा करायला सांगितला. यानं स्वतःच्या हातानं काचा घासल्या. चॅम्पियन म्हणाला, रॅलीच्या रात्री खाणीच्या वळणावर आणून दे. साधं काम. डबी खिशात टाकली, थर्मासमध्ये चहा घेतला, गेला. अकरा वर्षं झाली. असाच नोव्हेंबरचा दुसरा शनिवार."

त्या वर्षी चॅम्पियनच्या अगदी मागोमाग एक दुसरा गडी होता. त्याला सगळे घुबड म्हणत. नऊ रॅल्या केल्या, एकदाही डुलकी घेतली नाही. जाडजूड, हसरा. वळणावर उभ्या असलेल्या पोरासोरांनाही हात करून जायचा.

"तीन वाजून आठ मिनिटांनी चॅम्पियन आला. थांबला. हातमोजे काढले, चष्मा लावला. म्हणाला, वा, दिवसासारखं दिसतंय. त्यात दोन मिनिटं गेली. तेवढ्यात मागून घुबड आला आणि हात करून पुढे निघून गेला. चॅम्पियनने शिवी हासडली. गाडी अशी काढली की खडी उडाली. जरा पुढे... म्हणजे जिथे रस्ता खाणीच्या कडेला लागतो तिथे, त्याने घुबडाला गाठलं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी. आणि चॅम्पियनने..."



"काय केलं?" धाकट्या दिराने विचारलं.

"पाय उचलला. आणि दिला ढकलून."

मेकॅनिक हसायचा थांबला.

"खाण साठ फूट खोल. आवाज यायला वेळ लागला. चॅम्पियन गाडी वळवून परत आला. चष्मा नाकावर नीट बसवला. म्हणाला, तुला काय दिसलं? चष्मेवाला म्हणाला... काही नाही. चॅम्पियन म्हणाला, त्याला झोप लागली. आणि गेला. त्या वर्षी पहिला आला."

"काहीतरीच!" नवरा ताडकन म्हणाला. "चॅम्पियन असला माणूस नाही. मी भेटलोय त्यांना."

"तोही भेटला होता रे," काका शांतपणे म्हणाले.

सकाळी पेट्रोल पंपाच्या ऑफिसात चौकशी झाली. रॅलीचा प्रमुख, हवालदार, डॉक्टर, घुबडाचा भाऊ. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर घुबडाची बायको. लग्नाला चार महिने झाले होते. चष्मेवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "झोप लागली होती त्याला. मान खाली गेलेली मी पाहिली." डॉक्टरांनी तसं लिहिलं. प्रमुखाने नऊ रॅल्यांच्या नोंदीखाली तसं लिहिलं. भाऊ रडला. बायको रडली नाही. ती उठून चष्मेवाल्यासमोर आली.

"काय म्हणाली?" स्टुलावरून प्रश्न आला. या घरात तिने गोष्टीत घातलेला हा पहिला शब्द.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणाली, तुम्ही पाहिलंत म्हणता, म्हणजे पाहिलंच असेल. खरं बोलत असाल तर सुखाने झोपा."

लॅपटॉपवरचा एक नंबरचा ठिपका इकडे सरकत होता. नवऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"त्या रात्रीपासून झोप गेली. डोळा लागायला आला की लांबवर इंजिन ऐकू यायचं. एका जागी उभ्या असलेल्या गाडीचं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. पहाट फुटेपर्यंत ते इंजिन बंद व्हायचं नाही. पहिल्या वर्षी, रॅलीच्या रात्री, तीन दहाला हॉर्न वाजला. दोनदा. खाणीकडून. दुसऱ्या वर्षी पंपाकडून. तिसऱ्या वर्षी चौकातून. दरवर्षी थोडं अलीकडे. गल्लीच्या तोंडाशी. विजेच्या खांबाशी. आणि मागच्या वर्षी..."

"मागच्या वर्षी?"

"दारात. चष्मेवाल्याने खिडकीतून पाहिलं. गाडी नव्हती. तो होता. हेल्मेट घातलेलं. कपड्यांतून खडी गळत होती. वर मान करून त्याने विचारलं, मला झोप लागली होती का रे?"



"एवढंच?" मेकॅनिकने हळूच विचारलं.

"आणखी एक. म्हणाला, पाच जणांसमोर खोटं बोललास. पुढच्या वर्षी मी आत येतो."

तिने नकळत मोजलं. नवरा. दोन दीर. मेकॅनिक. चार. पाचवी ती स्वतः. आणि मग तिला कळलं की दूध झाकणाऱ्या सुनेला आज 'तूही' का म्हटलं.  राग आला थोडा. मोजणीला म्हणून का होईना, माणसात धरलं होतं.

घड्याळात तीन वाजून चार मिनिटं.

"मी निघतो," नवरा उठला. आवाज बारीक झाला होता. "उशीर होईल."

काकांनी त्याचं मनगट धरलं. "जाऊ नकोस. आज त्या वळणावर कुणी उभं राहू नये."

"काका, गोष्ट ती गोष्ट. तो चष्मेवाला कुठे आहे आता? त्याने खरं सांगितलं का नाही कधी?"

काकांनी मनगट सोडलं नाही.

तीन वाजून सहा.

"घाबरला असेल," मोठा दीर म्हणाला.

"घाबरला. शिवाय चॅम्पियनचा फोटो दुकानात लावला होता. सही केलेला. तो उतरवायला जिवावर यायचं."

तो फोटो या घरात सगळ्यांनी पाहिला होता. अजून खाली होता. डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी. नवऱ्याने सावकाश मनगट सोडवून घेतलं. पण गेला नाही. खाली बसला.

तीन वाजून आठ.

खालून आवाज आला.

इंजिनाचा. हलका... एका लयीत. गल्लीतून नव्हे. रस्त्यावरून नव्हे. पायांखालून. दुकानातून. दुकानाला शटर होतं, शटरला दोन कुलपं होती आणि किल्ल्या टेबलावर पडल्या होत्या. किल्ल्या हलत होत्या.

मेकॅनिक जमिनीकडे बघत होता. गाडीचा आवाज त्याला कुणी शिकवायला नको होता.

आतल्या जिन्याच्या पायरीवर काहीतरी पडलं. खडीसारखं. मग वरच्या पायरीवर. मग त्याच्याही वरच्या...

काकांचे ओठ हलत होते. "त्या चष्मेवाल्याने... त्या माणसाने..."

"काका," ती म्हणाली. स्टुलावरून उठली होती. "त्या माणसाने नको. आम्ही पाच आहोत. तुम्ही सांगा."

पायरी. पायरी.

दाराबाहेर थांबलं.

काकांनी डोळे मिटले.

"मी पाहिलं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. घुबडाला झोप लागली नव्हती. तो जागा होता. मला हात केला त्याने. चॅम्पियनने ढकलला. मी पाहिलं... मी."

हॉर्न वाजला. दोनदा. दाराला लागून.

मग काही नाही.

इंजिन नाही. पायरी नाही. किल्ल्या थांबल्या. घड्याळात तीन दहा.

"अरे," धाकटा दीर पुटपुटला. "हे बघा."

एक नंबरचा ठिपका खाणीच्या वळणावर पोचला होता. तिथेच थांबला होता. पाचही जण बघत राहिले. मागचे ठिपके आले, पुढे गेले. तो हलला नाही.

काकांना कुणीतरी सांगायला गेलं, तर ते खुर्चीत कलंडले होते. तोंड उघडं. नवरा त्यांच्या नाकाशी बोट धरायला वाकला. मग काका घोरले. चांगले मोठ्याने, अकरा वर्षांची थकबाकी असल्यासारखे.

सकाळी सातला मेकॅनिक बातमी घेऊन आला. चॅम्पियन खाणीत सापडला होता. वर रस्त्यावर गाडी स्टँडवर नीट उभी, दिवा चालू. घसरल्याची खूण नाही, ब्रेक मारल्याची नाही. माणूस उतरला आणि चालत कडेपर्यंत गेला असावा.

"लोक काय म्हणतायत?" नवऱ्याने विचारलं.

मेकॅनिकने पायांकडे पाहिलं. "झोपेत होता म्हणतायत."

काका अजून घोरत होते. हे ऐकून ते झोपेतच कूस बदलतील असं तिला उगाच वाटलं. त्यांनी बदलली नाही. ती किल्ल्या उचलून एकटीच आतल्या जिन्याने खाली गेली. पायऱ्या स्वच्छ होत्या. काल दुपारी तिनेच झाडल्या होत्या.

दुकानाचं आतलं दार उघडलं. धूळ, जुन्या काचांची कपाटं, अक्षरांचा तक्ता. चॅम्पियनचा फोटो भिंतीवर होता तसाच होता. शटरला आतून कोळ्याचं जाळं होतं, तेही शाबूत. काउंटरवर एक लाकडी ट्रे होता. चष्मा तयार झाला की काका त्यात ठेवत, गिऱ्हाईक येऊन घेऊन जाई. आठ वर्षं रिकामा ट्रे.

त्यात चष्मा होता.

पिवळ्या काचा. एक काडी मोडलेली. फ्रेमच्या खाचेत बारीक पांढरी खडी.

"काय गं, काय आहे तिथे?" जिन्यावरून नवऱ्याचा आवाज आला.

'काही नाही' हे तिच्या तोंडात तयार होतं. एक्केचाळीस दिवसांत तेच सगळ्यात जास्त वापरलं होतं. तिने ते गिळलं.

"खाली ये रे," ती म्हणाली. चारचौघांना ऐकू जाईल असं तिने त्याला पहिल्यांदाच 'अरे-तुरे' केलं. "आणि सगळ्यांना घेऊन ये. मला दिसतंय ते तुम्हीही बघा."

जिन्यावर पावलं वाजू लागली. ती ट्रेवर वाकून उभी राहिली. पिवळ्या काचांवर आतल्या बाजूने वाफ धरली होती, कुणी तोंडाजवळ धरून श्वास सोडल्यावर धरते तशी.

ती विरली.

पुन्हा धरली.

विरली...

पुन्हा धरली.