आबांच्या पोटातला पैलवान

मैनाच्या पडद्यावर आबांचं दुखणं होतं शून्य. तरीही आबा काही केल्या खोकायला तयार नव्हते. हे कोडं केतकीला सुटेना.

मैना म्हणजे वॉर्डातली यंत्रपरिचारिका. कामात चोख, पण थट्टा तिला कळायची नाही. "दुखणं शून्य ते दहात किती?" ती विचारायची आणि केतकीचे आजोबा ऐटीत सांगायचे, "शून्य." कालच पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस! पण आबांचा जन्म कुस्तीच्या तालमीत गेलेला. तिथे 'दुखतंय' म्हणणाऱ्याची दिवसभर टिंगल व्हायची.

शून्य ऐकलं की मैना वेदनाशामक (दुखणं कमी करणारं औषध) देतच नसे. इकडे आबांनी खोल श्वास घेऊन खोकायला हवं होतं. नाहीतर छातीत कफ साचून न्यूमोनिया व्हायचा, आणि या वयात तो म्हणजे जिवाशी गाठ. सकाळपासून अंग थोडं तापलंही होतं. केतकीचा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात शिंगटे सिस्टर आल्या. "केतकी, आबांचं तोंड म्हणतंय शून्य. बाकीचे आबा काय म्हणतात, बघ बरं."

केतकीने निरखून पाहिलं. एक हात पोटावर. दुसऱ्या मुठीत चादर. कपाळावर घाम, आणि श्वास अगदी वरवरचा.

"दुखतंय त्यांना," ती कुजबुजली.

"दुखणारच. टाक्यांजवळचे मज्जातंतू (मेंदूला निरोप पोचवणारे बारीक धागे) सारखे निरोप धाडतायत. पण आत किती दुखतंय, ते ज्याचं त्यालाच कळतं. बाहेरून मोजायला यंत्र नाही. म्हणून विचारायचं. उत्तर मिळेना, तर विचारायची तऱ्हा बदलायची."

तऱ्हा बदलायची! केतकी टुणकन आबांच्या उशाशी जाऊन बसली.

"आबा, पोटात कोण पैलवान उतरलाय? नवखं पोरगं, का तुमच्या जोडीचा?"

आबांनी मुठीतली चादर सोडली. मग हळूच म्हणाले, "जोडीचा कुठला गं. लई भारी हाय. खोकाय गेलो की छाताडावरच बसतोय."

सिस्टरांनी लगेच डॉक्टरांना विचारून औषध दिलं. ते लागू पडल्यावर आबांच्या हातात उशी ठेवली. "ही पोटाशी घट्ट धरा आणि खोका. टाक्यांना आधार मिळतो."

आबा खोकले. असे खोकले, की शेजारच्या खाटेवरचे काका दचकून जागे झाले. केतकीने टाळ्याच पिटल्या.

"आता कोण आहे, आबा?"

"आता व्हय? नवखं पोरगं. खेळवतो त्याला."

मैनाचे दिवे भराभर लुकलुकले. ती वळली आणि शेजारच्या खाटेपाशी जाऊन थांबली. या वेळी तिने आकडा विचारला नाही.

"काका, तुम्ही काम काय करता?"

"मी? गवंडी आहे."

"मग सांगा, आत्ता अंगावर किती विटा आहेत?"