इंजिन कोणी निवडलं?

चौसाळ्याला, हायवेच्या कडेला आदिनाथच्या पिकअपचं टायर बसलं नसतं, तर करिष्माचं काळीज आज शाबूत असतं. पण बसलं. भादव्यातली दुपार होती, पावसाची भुरभुर चालू होती. तिथल्या गॅरेजचे मालक बंकटमामा जेवायला गेलेले, आणि गॅरेजात त्यांची भाची, तेवीस वर्षांची करिष्मा, एकटीच होती.

पंक्चर काढता काढता तिनं मागची ताडपत्री उचलून बघितली.

"अगं बया! एवढं मोठं इंजिन कुठं चाललंय?"

"कड्याला, आमच्या गावाला. रेसचा ट्रक बनवतोय मी. डोंगरातली, चिखलातली रेस," आदिनाथ ऐटीत म्हणाला. "आठ सिलिंडर हायत. पेट्रोल."

"लई छान. मग त्याला ओढायला एक ट्रॅक्टरबी घेऊन ठिवा."

"कावून?"

"तोंड जड होईल की ट्रकाचं! पहिल्याच उडीला नाक मातीत."

आदिनाथनं तिच्याकडं नीट बघितलं. गालावर ग्रीसचा फराटा, ओल्या बटा कपाळाला चिकटलेल्या, आणि डोळ्यांत हसू... कड्याचे बडे बागायतदार मोहनरावअण्णा, त्यांच्या पोराला तोंडावर 'न्हाई' म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. त्याला राग यायला हवा होता. आला नाही.

"मग कुठलं बसवू – तुमीच सांगा."

आणि तिनं सांगितलं. करिष्माचे आईबाप, उत्तरेश्वर आणि भिवराबाई, दरसाल ऊसतोडीला जायचे. पोरगी लहानपणापासून मामाकडं. दुसऱ्या पोरी सागरगोटे खेळायच्या तेव्हा ही मामाला नट आवळायचे पाने उचलून द्यायची. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायची.

आठ दिवसांत ट्रकचा सांगाडा चौसाळ्यात आला. आठ सिलिंडरचं धूड विकलं गेलं आणि करिष्माच्या सांगण्यावरून चार सिलिंडरचं टर्बो डिझेल आलं – वजनाला हलकं, चढाला हळू फिरतानाच जोर धरणारं. मग गिअरबॉक्सवरून दोन दिवस भांडण.

"सहा गिअरचा घेऊ. स्पीड मिळंल."

"सहावा टाकायला आपल्या डोंगरात सरळ रस्ता हाय कुठं? पाचाचा घ्या, दणकट. इंजिनाचा जोर सोसणारा पायजे, न्हाईतर दात पडतील."

"माझे?"

"गिअरचे! तुमचे मी पाडीन, असंच डोकं खाल्लं तर."

आला पाचाचाच. आता या गड्याला कड्याहून चौसाळ्याला यायला काहीही निमित्त पुरायचं. कधी नट, कधी वायसर, एकदा तर नुसतं 'आज बोल्ट किती घट्ट केले' हे विचारायला. बंकटमामा मिशीत हसायचे आणि बिडी ओढायला बाहेर जाऊन बसायचे.

ट्रक पहिल्यांदा चालू झाला तेव्हा दोघं गावामागच्या माळावर गेले. तो स्टिअरिंगवर, ती शेजारी. गिअर कसा टाकायचा ते दाखवायला तिनं त्याच्या हातावर हात ठेवला... आणि गिअर पडला तरी हात तिथंच राहिला.

"करिष्मा... या सीटवर मला दुसरं कुणी नको. कधीच."

तिचे कान तापले. पण पोरगी खुळी नव्हती. ऊसतोड्याची लेक आणि मोहनरावांचा उंबरा, मधलं अंतर तिला ठाऊक होतं.

"तुमच्या अण्णांना सांगाल?"

"रेस झाली की सांगतो. आईशप्पथ."

तिनं विश्वास ठेवला. ठेवणारच की हो! असं कुणी आजवर तिला म्हणालंच नव्हतं.

दिवाळी झाली, रेस झाली, आणि आदिनाथ पहिला आला. आठव्या दिवशी हार घातलेला ट्रक गॅरेजपुढं उभा राहिला. मागोमाग खुद्द मोहनराव आले, चार माणसं घेऊन. माणूस दिलदार. बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "बंकटराव, मला यातलं काई कळत न्हाई, पण सगळे मागं पडले बगा! आदिनाथ, इंजिन, गिअरबॉक्स... कोणी निवडलं रे हे?"

करिष्मा खांबाशी उभी होती, हातात फडकं. आता तो नाव घेईल. अण्णा वळून आपल्याकडं बघतील... एवढं एकच तर नाव घ्यायचं होतं.

आदिनाथनं तिच्याकडं बघितलं. मग अण्णांकडं.

"पुण्याचे एक इंजिनीअर हायत... त्यांनी."

बंकटमामांनी बोलायला तोंड उघडलं. करिष्मानं मान हलवून त्यांना गप्प केलं.

"शाब्बास! माणूस हुशार दिसतोय," मोहनराव म्हणाले, आणि खांबाकडं वळले. "पोरी, जरा च्या सांग की सगळ्यांना."

तिनं चहा सांगितला. आणला. सगळ्यांना दिला, त्यालाही.

मंडळी गेली तरी आदिनाथ मागं रेंगाळला.

"करिष्मा, चारचौघांत... एकदम निघून गेलं तोंडातून. मी सांगणार हाय. नक्की."

"इंजिन कोणी निवडलं, एवढं सांगता आलं न्हाई तुमाला. बायको म्हणून कुणाला निवडलं, ते कोणत्या तोंडानं सांगाल?"

"आत्ता चल. बस ट्रकात. आत्ताच्या आत्ता अण्णांपुढं जाऊ!"

तिचं पाऊल उचललं. खोटं कशाला सांगू, उचललंच. पण बोलता बोलता आदिनाथची मान रस्त्याकडं वळली – अण्णांची गाडी लांब गेली का, ते बघायला.

करिष्मा थांबली.

"जावा तुमी," ती हळूच म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. वाईट नव्हता हो तो, भित्रा होता. तिला त्याच्यावर धड चिडताही येईना. तो ट्रकात बसला, दोनदा मागं बघितलं, आणि गेला.

बंकटमामा बाहेरून आले, तिच्या शेजारी उभे राहिले. ट्रकचा आवाज हायवेला लागेपर्यंत ती ऐकत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "इंजिन मी लई चांगलं निवडलं होतं." आणि मग तिला हुंदका आवरला नाही.