प्रतीक्षामर्यादा : शून्य

हृदयरक्षा केंद्राच्या सर्व्हर-कक्षात अठरा अंश तापमान होतं, तरी वैजयंती शिरोळकरच्या अंगाची लाही लाही होत होती. समोर संचालक बिरनाळे पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे. पुरस्कार अजून मिळायचा होता, पेढे मात्र आले होते. काय तो निर्लज्ज उत्साह!

"मॅडम, बारीकसं काम. उद्या पुरस्काराची परीक्षण समिती येतेय. अहवालात रोज शंभरेक 'अयशस्वी जोडण्या' दिसतात, तेवढ्या घालवा."

"सर, त्या घालवायच्या नसतात! सांगलीत तीस हजार लोकांच्या छातीवर हृदयपट्टा आहे. ठोका चुकला की पट्टा आपल्याला हाक मारतो. एका हाकेला सर्व्हरचा एक धागा, म्हणजे ती हाक ऐकणारा एक कान, लागतो, आणि असे धागे आहेत चारशे."

"मग वाढवा की."

"वाढवले तर मेमरी पुरत नाही, सर्व्हरच कोसळतो. म्हणून प्रतीक्षामर्यादा ठेवलीय. वीस सेकंदांत धागा मिळाला नाही, तर सर्व्हर सरळ 'नाही' म्हणतो. ते कळताच पट्टा घरातच भोंगा वाजवतो आणि शेजारी धावतात. माझ्या आप्पांना मार्चमध्ये शेजारच्या मगदूम वहिनींनी तसंच वाचवलं."

"अहो, पण तोंडावर 'नाही' किती वाईट दिसतं!" बिरनाळे पेढा पुढे करत म्हणाले. "स्थळ नको असलं तरी आपण 'कळवतो' म्हणतो. आल्या माणसाला कुणी नाही म्हणतं का? मर्यादा शून्य करा. सर्व्हरच्या लेखी शून्य म्हणजे अमर्याद ना? थांबतील बिचारे. मिळेल धागा कधीतरी."

कधीतरी! बंद पडत चाललेल्या काळजाला! तिला त्या माणसाची शिसारी आली. पण तिला नोकरीत कायम करायची फाईल त्याच्याच टेबलावर होती.

"बघते, सर," ती म्हणाली. पेढाही खाल्ला.

संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं वीसचं शून्य केलं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, परवा पुन्हा वीस करू, असं मनाशी म्हणत.

शनिवारी दुपारी पारा चव्वेचाळीसवर गेला आणि पट्ट्यांच्या हाका वाढल्या. बोलणं अर्ध्यावर तुटलेले पट्टेही धागे अडवून बसले, कारण त्यांना सोडवणारी मर्यादाही तीच होती. चारशे धागे भरले. रांगेत दोनशे दहा. मोठ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत झळकत होतं : अयशस्वी जोडण्या, शून्य.

समितीनं टाळ्या वाजवल्या.

"सर, मर्यादा परत लावते," ती कुजबुजली.

"समिती जाऊ द्या, मग बघू," हसरा चेहरा तसाच ठेवून बिरनाळे म्हणाले.

तेवढ्यात रांगेच्या यादीत तिला तो क्रमांक दिसला. आप्पांच्या पट्ट्याचा क्रमांक तिला तोंडपाठ होता. प्रतीक्षा : एकोणीस मिनिटं.

तिनं बिरनाळ्यांना ढकलून वीस आकडा टाकला. पण नवी मर्यादा नव्या हाकांनाच लागू होणार होती, रांगेतल्यांना नाही. तिनं मगदूम वहिनींना फोन लावला.

"भोंगा? नाही गं, काहीच वाजलं नाही. मी भिंतीपलीकडेच तर बसलेय, सांडगे घालत. थांब, बघून येते."

दार वाजल्याचा आवाज आला. "आप्पा, ओ आप्पा!"

"वैजू," वहिनींचा आवाज फाटला होता. "तू ये गं. हात गार पडलेत. पट्ट्यावर अजून लिहून येतंय, 'जोडत आहे, कृपया थांबा'."

तिच्यासमोरच्या यादीत कुणाचा तरी धागा सुटला आणि आप्पांच्या पट्ट्याला मिळाला. पट्ट्यानं इमानानं कळवलं : ठोके नाहीत. सर्व्हरनं नोंद केली : जोडणी यशस्वी.

वैजयंतीच्या तोंडात कालच्या पेढ्याची चव वर आली. टेबलाची कड धरून ती तिथंच ओकली. समितीतल्या बाई नाकाला पदर लावून मागं सरकल्या.

"मॅडमना उन्हाचा त्रास झालाय," बिरनाळे घाईघाईनं म्हणाले आणि तिच्यापुढे अहवाल सरकवला. "तेवढी सही करा आणि घरी जा. एकाही रुग्णाला नाही म्हटलं नाही, एवढंच प्रमाणित करायचंय."

"नाही," ती म्हणाली. "नाही करणार."

तोंडातून किती सहज निघालं ते. शुक्रवारी एवढंच म्हणायचं होतं.