लाल अंडं

डोक्यावर हेल्मेट, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला बांधलेली वरणाची पळी! जुईनगरच्या सोसायटीच्या गच्चीवर असा माणूस दिसल्यावर ज्ञानेश्वरीला संशय येणारच ना.

"ओ हेल्मेट! काय चोरताय?"

"चोरत नाही... ठेवतोय," तो दचकला. पळीत लालभडक अंडं होतं. "मी अभिराम. पक्ष्यांचा अभ्यास करतो. कोकिळा कावळीच्या घरट्यात अंडं घालते ना? कावळीला परकं अंडं ओळखू येतं का, ते बघायचंय. हे प्लास्टरचं आहे."

"आणि गच्चीची किल्ली?"

"तुमच्या आईंनी दिली."

बदामाच्या झाडावरचं घरटं कठड्याला लागूनच होतं. रोज संध्याकाळी तो यायचा. नेमके तेव्हाच तिला दोरीवरचे कपडे आठवायचे.

"आज दोरी रिकामी दिसतेय," तो एकदा हसला.

"तुमच्यावर नजर ठेवायला आलेय."

"मग नीट ठेवा की!"

तिचे कान तापले. पण मनातली पाल चुकचुकतच होती. आधीची दोन स्थळंही अशीच गोड बोलली होती. आईनं तिला तान्ही असताना बाजारात कांद्याच्या गोण्यांआडून उचलून वाढवलंय, हे कळताच दोन्ही मोडली. हाही जाईल... मग जीव गुंतण्याआधीच जाऊ दे!

"फेकलं का अंडं?" तिनं विचारलं.

"नाही. बघा, उबवतेय."

"आंधळी आहे का? एवढं लाल दिसत नाही?"

"दिसत असेल. तरी बसलीय."

तिनं श्वास घेतला. "मी पण परक्या घरट्यातलीच आहे. माझी आई—"

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"आईंनीच, किल्ली देताना. म्हणाल्या, वर माझी पोरगी येते. तिच्याकडे बघायचं असेल तर आधी हे ऐक, नाहीतर नुसते कावळे बघ."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून..." तिचे डोळे बारीक झाले. "दया येते म्हणून येता?"

त्यानं हेल्मेट काढलं. घामानं चिकटलेले केस, लाजरे डोळे. "दयेपोटी कुणी रोज कावळ्यांच्या चोची खातं का?"

तेवढ्यात कावळीनं झेप घेऊन त्याच्या टाळूवर टोच मारली.

"आई गं!"

ज्ञानेश्वरीनं त्याचा हात धरून त्याला पाण्याच्या टाकीआड ओढलं. कावळी परत घरट्यात जाऊन बसली, तरी तिनं हात सोडला नाही.

"उद्या येताना," ती म्हणाली, "दोन हेल्मेट आण."